नणंदेचा ‘ए’, माझा ‘सी’ आणि सासूबाईंची गाठ

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या. चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. हंगामात दुसऱ्याच्या वावरातही रोजीनं जातात. अंगानं बारीक. तीन लेकरं, पहिलं एकोणिसाव्या वर्षी, तिघांनाही दीड-दीड वर्ष अंगावर पाजलेलं. पाळी सुरू आहे. माहेरी कुणाला कॅन्सर झाल्याचं माहीत नाही. दिवाळीत नागपूरला नणंदेकडे गेल्या, तेव्हा नणंदेनं स्वतःसोबत त्यांचीही मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करवून घेतली. नणंद ५४ वर्षांची, नोकरदार, अंगानं भरलेली. एकच मूल, तेही तिशीनंतर. पाळी बंद झालेली. नणंदेच्या अहवालात स्तनांची घनता ‘ए’ आली, ताईंच्या अहवालात ‘सी’ आणि खाली ‘बायरॅड्स २’. नणंदेनं मोबाइलवर वाचलं की घनता जास्त असेल तर कॅन्सरचा धोका चार ते सहा पट. म्हणून तिचा आग्रह, लगेच एमआरआय कर. त्यासाठी ताईंना दोन बकऱ्या विकाव्या लागतील. मालक (नवरा) म्हणतात, “हे मोठ्या घरच्या बायकायचं दुखणं हाय, वावरात राबनाऱ्या बाईले काई होत नाई.” ताईंचा प्रश्न: “लहानपणी अर्धपोटी राहिलो, उन्हातान्हात राबलो, म्हणून माझी छाती अशी झाली का? पैसेवाल्या नणंदेची साफ, अन् माझीच खराब का?” पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: सासूबाईंच्या डाव्या स्तनात पोळ्यापासून एक टणक गाठ आहे, पण दुखत नाही, म्हणून वेचणी आटोपल्यावर दाखवायचं ठरलं आहे.

ताई, नमस्कार.

उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करावं लागेल. सगळं पत्र तुमच्या ‘सी’बद्दल आहे आणि सासूबाईंच्या गाठीला एक ओळ मिळाली आहे. तुमच्या घरात आज घाई कुणाला असेल तर ती सासूबाईंना आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे सविस्तर देते, पण हे पान तिथवर वाचायच्या आधीच त्यांना दवाखान्यात न्यायचा दिवस ठरवा.

पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईच्या स्तनात नव्यानं आलेली टणक गाठ तपासून खात्री होईपर्यंत संशयाचीच धरायची असते. ती साधी निघू शकते. पण ते बोटांनी दाबून कळत नाही, आणि दुखण्या-न दुखण्यावरून तर मुळीच नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही छात्या जड होऊन ठणकतात, ते दुखणं बहुतेकदा साधं असतं. म्हणजे ‘दुखत नाही, तेव्हा थांबू’ हा हिशेब उलटा आहे, आणि गावोगाव बायका याच हिशेबानं सहा-सहा महिने घालवतात.

वेचणीच्या दिवसांत घरातली दोन माणसं वावराबाहेर जाणं किती महागात पडतं, हे खरंच आहे. पण पहिल्या टप्प्याला साधारण दोन फेऱ्या लागतात: एक तपासणीची, एक अहवालाची. कापूस बोंडात आठ दिवस थांबू शकतो.

जायचं कुठे? गावातल्या डॉक्टरकडून मलम-गोळी घेण्यात वेळ घालवू नका. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी आणि शस्त्रक्रिया एकाच आवारात होतील अशा ठिकाणी थेट जा. तुम्हाला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) इथलं विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, नागपूरचं मेडिकल आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय हेही पर्याय आहेत. गाठ असेल तर शल्यचिकित्सा म्हणजे सर्जरी विभागाची ओपीडी विचारायची. सकाळी केसपेपरची खिडकी उघडायच्या वेळी पोचा; दुपारी पोचणाऱ्याला ‘उद्या या’ ऐकावं लागतं. सोबत आधार कार्ड, रेशनकार्ड, दोन्हींच्या झेरॉक्स, सासूबाईंचे जुने कागद आणि त्या घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं. बीपी-शुगरच्या आणि विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का, हे सुई टोचण्याआधी डॉक्टरांना कळायलाच हवं.

तिथे तीन गोष्टी होतील. डॉक्टर हातानं दोन्ही स्तन आणि काखा तपासतील; पुरुष डॉक्टर असतील तर नर्स किंवा तुम्ही शेजारी उभं राहण्याचा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे. मग दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि काखेसह सोनोग्राफी. मग बायोप्सी: जागा बधिर करून जाड सुईनं गाठीचे बारीक तुकडे काढतात. तिला कोअर किंवा ट्रूकट बायोप्सी म्हणतात. बारीक सुईची तपासणी, एफएनएसी, स्वस्त आणि पटकन होणारी असते, पण तिच्यात काही सापडलं नाही म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही. हात, चित्र आणि तुकडा या तिन्हींचं म्हणणं जुळायला हवं. एकाचं जरी वेगळं आलं तरी तपास थांबवायचा नाही.

“सुई लावली की पसरते” असं शेजारीपाजारी नक्की कुणीतरी म्हणेल. या भीतीला आधार नाही. खरं नुकसान होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात ‘लहानशी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून बायोप्सीशिवायच गाठ कापली जाते. कधी तो तुकडा तपासायला पाठवलाच जात नाही. कधी फॉर्मॅलिनऐवजी सलाइनच्या पाण्यात ठेवून पाठवतात आणि तो वाटेतच खराब होतो. कधी कडेला गाठीचा भाग शिल्लक राहतो आणि काख कुणी पाहिलेलीच नसते. पुढे मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना अंधारात उपचार करावे लागतात. गाठ मोठी असेल तर अनेकदा आधी केमोथेरपी देऊन ती लहान करतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. त्यानं कधी कधी स्तनही वाचतो. घाईनं कापणाऱ्यानं ही वाटच बंद केलेली असते. कापणं ही पहिली पायरी नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

बायोप्सीत कॅन्सर निघालाच, तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (एक प्रथिन) या तपासण्या करायला सांगतील. त्यांना फाटा देऊ नका, कारण औषध कुठलं द्यायचं ते त्यावरच ठरतं. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असलेल्यांना रोजची एक गोळी पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते आणि ती फार महाग नसते. तुकड्याचा मेणातला ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, त्याचा नंबर लिहून घ्या; रुग्णालय बदलावं लागलं तर तो मागून नेता येतो आणि पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

पैशांचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत होतात आणि आता त्याला रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात बसतात. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ अशी पाटी असलेलं टेबल असतं. पहिल्याच दिवशी तिथे कागद दाखवा. मात्र योजनेची मंजुरी बायोप्सीच्या अहवालावर मिळते, त्यामुळे त्याआधीच्या काही तपासण्यांचा खर्च स्वतःला करावा लागू शकतो. बकऱ्या विकायच्याच वेळ आली तर त्यासाठी विका, तुमच्या एमआरआयसाठी नको. आणि एक किरकोळ वाटणारी पण हटकून अडवणारी गोष्ट: आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. एका अक्षराच्या फरकानंही मंजुरी लटकते. आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. रेशनकार्डावर चूक असेल तर तहसीलला दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. पुढे उपचार लागलेच तर केमो बहुधा तीन आठवड्यांच्या अंतरानं चार-सहा महिने चालते. रेडिएशन मात्र आठवड्यातले पाच दिवस रोज, तीन ते पाच आठवडे. गावाहून रोज जाणं-येणं जमणारं नसतं आणि नेमकं इथेच खेड्यातल्या बायकांचे उपचार अर्ध्यावर सुटतात. म्हणून सुरुवातीलाच रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून राहण्याची सोय, धर्मशाळा विचारून ठेवा. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत असते, तिचा फॉर्म रुग्णालयच भरून देतं.

आता तुमचा ‘सी’.

मॅमोग्राफीच्या चित्रात चरबी काळपट दिसते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे दिसतात. पांढरा भाग किती, यावरून ए, बी, सी, डी असे चार वर्ग करतात. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, डी म्हणजे जवळपास सगळं पांढरं. सी आणि डी मिळून ‘दाट’ धरतात. हे मोजमाप चित्रावरचं आहे. हाताला छाती टणक लागते की मऊ, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि ‘सी’ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिसरी पायरीही नव्हे. इंग्रजी अक्षर पाहून तसं वाटलेल्या बायका कमी नाहीत, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. निदान सांगणारा आकडा वेगळा असतो, तो म्हणजे बायरॅड्स, शून्य ते सहा. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासा. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे काही दिसलं तरी ते निरुपद्रवी. तीन असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. चार आणि पाच असतील तर बायोप्सी. सहा म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला. तुमचा आकडा दोन आहे. अहवालात तुमच्या निदानाबद्दल जे सांगायचं होतं ते त्या दोनमध्ये सांगून झालं आहे.

मग घनता नोंदवतातच का? दोन कारणांनी. पहिलं, गाठही चित्रात पांढरीच दिसते. काळ्या वावरात बसलेला बगळा लांबूनही दिसतो. पऱ्हाटी फुटून पांढरी झाली की तोच बगळा शोधावा लागतो. दाट स्तनात छोटी गाठ नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं, दाट स्तन असलेल्यांना कॅन्सर होण्याची शक्यताही थोडी जास्त असते. किती जास्त, इथे नणंदबाईंची गफलत झाली. चार ते सहा पट हा आकडा खरा आहे, पण तो सगळ्यात दाट ‘डी’ची तुलना सगळ्यात विरळ ‘ए’शी केल्यावर येतो. सर्वसाधारण बाईशी तुलना केली तर डी असलेलीची जोखीम सुमारे दुप्पट आणि सी असलेलीची साधारण सव्वा पट निघते.

सव्वा पट म्हणजे नेमकं किती, तेही पाहा. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० सालच्या अहवालानुसार भारतात ७४ वर्षांपर्यंतच्या आयुष्यात २९ पैकी एका बाईला स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता आहे, म्हणजे शंभरात तीन-साडेतीन. ‘सी’मुळे ते शंभरात चारच्या आसपास जाईल. हा आकडा शहरं-खेडी मिळून आहे. खेड्यात तो कमी असतो.

तुमचा मूळ प्रश्न गरिबीचा होता: अर्धपोटी राहिल्यानं छाती दाट झाली का? हा प्रश्न वेडगळ नाही, संशोधकांनीही तो विचारलेला आहे. घनता मुख्यतः ठरते ती जन्मानं. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून दिसलं की बाईबाईतल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग अनुवंशाचा असतो. बाकीचं वय, पाळी, बाळंतपणं आणि वजन. पाळी जाते तसा ग्रंथींचा भाग आक्रसतो आणि तिथे चरबी भरते. वजन वाढलं की स्तनातली चरबी वाढते आणि पांढऱ्याची टक्केवारी आपोआप खाली येते. तुम्ही ४६ च्या, पाळी सुरू, अंगानं बारीक. नणंदबाई ५४ च्या, पाळी बंद, अंगानं भरलेल्या. तुम्हाला सी आणि त्यांना ए येण्यात नवल काहीच नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीत चाळिशीच्या सुरुवातीच्या बायकांपैकी निम्म्यांहून अधिक जणी सी किंवा डीमध्येच असतात. तुमच्या ग्रंथी फार जास्त आहेतच असं नाही. चरबी कमी असली तरी टक्का जास्त दिसतो.

लहानपणी बारीक असलेल्या मुलींची घनता पुढे काहीशी जास्त आढळते, हेही खरं. त्या अर्थानं तुमच्या लहानपणाचा थोडा हात असू शकेल. पण अर्धपोटी वाढलेल्या मुलीला पाळीही उशिरा येते आणि उशिरा आलेली पाळी कॅन्सरची जोखीम कमी करते. गरिबी एका हातानं देते, दुसऱ्या हातानं काढून घेते. तिचा निकाल एका अक्षरात वाचता येत नाही.

गंमत अशी की युरोप-अमेरिकेतल्या काही अभ्यासांत बरोबर उलटं चित्र दिसतं: जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या बायकांचे स्तन अधिक दाट. त्यातला बराचसा फरक वजन, मुलांची संख्या, पहिल्या बाळंतपणाचं वय आणि पाळी कायमची गेल्यावर घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्या हिशेबात धरल्यावर विरतो. तिकडे गरिबीसोबत लठ्ठपणा येतो. आपल्याकडे अजून तरी वजन पैशासोबत वाढतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शहरातल्या सुमारे ३३ टक्के बायका जास्त वजनाच्या निघाल्या, खेड्यातल्या सुमारे २० टक्के. म्हणून तिकडची श्रीमंत बाई आणि इकडची मजूर बाई एकाच ‘सी’मध्ये भेटू शकतात, कारणं मात्र निरनिराळी. तुमची छाती खराब झालेली नाही, ताई. ती तुमच्या वयाच्या आणि अंगाच्या बाईची असते तशी आहे.

नणंदबाईंनी मात्र ‘ए’वर निर्धास्त होऊ नये. ए म्हणजे चित्र स्वच्छ वाचता येतं, एवढंच. पाळी गेल्यावर वाढलेलं वजन स्वतःच जोखीम वाढवतं. पहिलं मूल तिशीनंतर आणि एकच, हीदेखील जोखमीच्याच बाजूची गोष्ट. दोघींचं सगळं शेजारी ठेवलं तर कॅन्सर होण्याची शक्यता त्यांची तुमच्यापेक्षा जास्त दिसते. हे त्यांना घाबरवायला सांगू नका, पण दर एक-दोन वर्षांनी मॅमोग्राफी आणि रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणं, हे त्यांच्यासाठी आहे असं जरूर सांगा.

आता मालकांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहेत आणि तेच अर्धं धोक्याचं आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र मांडणी २००२ साली झाली, तेव्हा दिसलं की प्रत्येक बाळंतपणामागे जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. तुमची तीन लेकरं, साडेचार वर्षं पाजणं. मूल न झालेल्या बाईच्या तुलनेत तुमची जोखीम ढोबळमानानं एक तृतीयांशानं कमी धरता येईल. म्हणजे राबणाऱ्या, लवकर लग्न झालेल्या, लेकरं पाजलेल्या बायकांत हा आजार कमी होतो, हे खरं. कमी होतो, होत नाही असं नाही.

आणि झाला तर कुणाचा जीव जातो? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. अमेरिकेत त्याच वर्षी नवे रुग्ण आपल्यापेक्षा जास्त होते, मृत्यू मात्र आपल्या निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायका गाठ काखेपर्यंत किंवा त्याच्याही पुढे गेल्यावर रुग्णालयात पोचतात, आणि त्यातल्या गरीब बायकांचे उपचार प्रवासापायी, रोजीपायी, घरच्या कामापायी मध्येच तुटतात. हा आजार मोठ्या घरात जास्त होत असेल. मरण मात्र लहान घरात जास्त येतं. मालकांना हे वाद म्हणून सांगू नका. ‘तुमचं बरोबर आहे, मला धोका कमी आहे, म्हणून माझे पैसे आईसाठी वापरू’ असं म्हणा. लेक म्हणून त्यांच्यासाठी तो मान्य करण्याजोगा हिशेब आहे.

एमआरआय करू नका. दाट स्तनांसाठी एमआरआयचा उपयोग दाखवणारा मोठा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला; तो ५० ते ७५ वर्षांच्या, डी वर्गातल्या बायकांवर होता. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कॅन्सर त्यात हजारी पाचवरून अडीचवर आले, पण हजारातल्या ऐंशी-एक जणींना विनाकारण पुढच्या तपासण्यांचा ताप झाला. तुम्ही ना त्या वयाच्या, ना त्या वर्गाच्या. आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असता तर सल्ला वेगळा असता.

सोनोग्राफी मात्र समजण्यासारखी आहे. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या बायकांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या मॅमोग्राफीनं शंभरातले ७७ कॅन्सर सापडत होते, सोनोग्राफी जोडल्यावर ९१. त्यातही फुकटचा घोर वाढतोच, कारण साध्या गाठी आणि पाण्याच्या पिशव्याही दिसतात. तेव्हा खास फेरी करू नका. सासूबाईंना नेणार त्याच दिवशी अहवाल दाखवून तुमचीही करता येईल का विचारा. नाही जमली तरी बिघडत नाही. अहवाल आणि फिल्म नणंदबाईंकडेच राहिल्या असतील तर मागवून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला त्याच लागतात. पुढची मॅमोग्राफी दीड-दोन वर्षांनी, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात, कारण तेव्हा स्तन कमी दुखतात आणि दाबताना त्रास कमी होतो. त्या दिवशी काखेत पावडर किंवा सेंट नको. त्यातले कण चित्रात कॅन्सरच्या चुन्यासारख्या ठिपक्यांचा भास करून देतात.

ज्या वाचक बायकांना नागपूरची नणंद नाही, त्यांच्यासाठी मशीनवाचूनही एक रस्ता आहे. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी फक्त हातानं स्तन तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांत त्यानं मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, पण कॅन्सर लवकरच्या पायरीवर सापडू लागले. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, पुढे उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हातानं तपासतात. कार्यक्रमात ती पाच वर्षांतून एकदा आहे, जे फारच लांबचं अंतर वाटतं. पन्नाशीपुढच्या बाईनं दरवर्षी स्वतःहून जाऊन मागावी. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. कागदावर ‘स्तन तपासणी’पुढे टिक झालेली आणि पदर कुणी बाजूला केलेलाच नाही, असंही घडतं.

घरी स्वतः पाहायचं तर न्हाताना, साबणाच्या हातानं, तीन बोटांच्या पेरांनी, गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत. पाळी असणाऱ्यांनी ती संपल्यानंतरच्या आठवड्यात, नसणाऱ्यांनी कुठलीही एक तारीख धरून. शांघायमध्ये अडीच लाखांवर बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींना हे रीतसर शिकवूनही मृत्यू कमी झाले नाहीत, म्हणून त्याचं व्रत करायची गरज नाही. आपलं अंग ओळखीचं असावं आणि बदल झाला की त्याच आठवड्यात दाखवावा, एवढ्यापुरतंच. नवी गाठ, एका जागी आत ओढलेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, नव्यानं आत वळलेलं स्तनाग्र, एकाच बाजूनं येणारं रक्ताळ पाणी, काखेतला गोळा. यातलं काहीही असेल तर मॅमोग्राफी ‘नॉर्मल’ आली असली तरी थांबायचं नाही. विशेषतः तुमच्यासारख्या सी आणि डीवाल्या बायकांनी.

नणंदबाईंचा जीव तुमच्यावर आहे, म्हणूनच त्या एमआरआयच्या मागे लागल्या आहेत. त्यांना आजच फोन करा आणि एमआरआयऐवजी हे मागा: आईच्या पहिल्या दोन फेऱ्यांना एक-एक दिवस रजा काढून यवतमाळला या, कागद आणि आरोग्यमित्राचं टेबल तुम्ही सांभाळा, सासूबाईंजवळ मी राहीन. आणि त्या दिवसांत वेचणीला एक मजूर जास्त लावायचा, त्याची रोजीही त्यांनी द्यावी.